शाळेच्या इयरबुकसाठी लिहायचं कसं: पहिल्यांदाच टीममध्ये आलेल्यांसाठी

इयरबुकच्या टीममध्ये नाव आलं की पहिले दोन दिवस मजा असते आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं की तू स्पोर्ट्सचं पान लिही, पाचशे शब्द, आणि मग आपण लॅपटॉप उघडून बसतो नि पहिली ओळ येते ती अशी: "यंदाचा वार्षिक क्रीडा महोत्सव मोठ्या उत्साहात पार पडला." थांबा. ती ओळ तिथल्या तिथे डिलीट करा.

का ते सांगते. मी टीमला एक टेस्ट शिकवते, तिचं नाव साल-बदल टेस्ट. लिहिलेली ओळ उचला आणि मागच्या वर्षीच्या पुस्तकात टाकून बघा. तिथेही फिट बसली तर ती ओळ फुकट गेली, कारण तिच्यात या वर्षाचं असं काहीच नाही. "सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे भाग घेतला" कुठल्याही वर्षी चालतं, "विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन" तर आपण जन्मायच्या आधीपासून चालतंय. इयरबुक हे एका वर्षाचं पुस्तक आहे, आणि ते वाचलं जाणार आहे वीस वर्षांनी, तेव्हा कोण जिंकलं हे लोकांना अंधुक आठवत असेल पण त्या दिवशी पाऊस आला आणि सगळे मॅटखाली जाऊन बसले हे कोणीतरी लिहून ठेवलं असेल तरच आठवेल. पुढचं सगळं या एका टेस्टभोवतीच फिरतं.

आधी पानांचा हिशोब समजून घ्या

लिहायला घेण्याआधी लॅडर बघा. लॅडर म्हणजे पुस्तकातल्या प्रत्येक पानावर काय येणार त्याची यादी, पान १ पासून शेवटपर्यंत. प्रेसमध्ये बहुतेक वेळा एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं छापतात आणि मग तो कागद घडी घालून कापतात, त्यामुळे पुस्तकाची पानं साधारण १६ च्या पटीत ठरतात आणि "अजून एकच पान वाढवा ना" हे वाटतं तितकं सोपं नसतं. पान १ नेहमी उजवीकडे येतं, म्हणजे समोरासमोरची जोडी २ आणि ३, ४ आणि ५ अशी. या जोडीला स्प्रेड म्हणतात आणि तुम्हाला काम मिळतं ते स्प्रेडचं, सुट्या पानाचं नाही.

लेखकाला याचं काय? एवढंच, की स्प्रेडवर एक मोठा फोटो असतो, बाकीचे लहान, एक मुख्य मजकूर, एक-दोन छोट्या चौकटी, आणि प्रत्येक फोटोखाली कॅप्शन. यातलं किती शब्दांचं काय ते डिझाइनवाल्याला आधीच विचारून घ्या. मी सुरुवातीला नऊशे शब्द लिहून नेले होते आणि जागा होती अडीचशेची, ती दुपार मी विसरलेले नाही.

घटना व्हायच्या आधी जा

नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक ही की कार्यक्रम झाल्यावर माहिती गोळा करायला निघतात. तेव्हा मिळतो फक्त निकाल. नाटकाचं पान तुमच्याकडे असेल तर तालमीला जाऊन बसा, निदान दोनदा. कोण डायलॉग विसरतो, पडदा कुठे अडकतो, बॅकस्टेजला सेलोटेप कोणाकडे असते, हे तिथेच दिसतं. वहीत तीन प्रकारच्या गोष्टी लिहा: जे दिसतं ते, जे ऐकू येतं ते, आणि आकडे. आकडे फार कामाचे असतात. "खूप मेहनत घेतली" याऐवजी किती आठवडे, आठवड्यातून किती दिवस, किती वाजेपर्यंत, किती जण आले आणि किती जणांनी मधेच सोडलं. हो, सोडलेल्यांशी पण बोला, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यांच्याकडे असते.

कोण, काय, कधी, कुठे, का, कसं, हे सहा प्रश्न तुम्ही ऐकले असतील. पेपरात पहिले चार महत्त्वाचे, कारण वाचकाला बातमी माहीतच नसते. इयरबुकमध्ये उलटं, तुमचा वाचक स्वतः तिथे हजर होता, त्याला कोण आणि कुठे माहितीये. त्याला हवंय ते का आणि कसं. पहिले चार सोडायचे नाहीत हां, वीस वर्षांनी तेही लागतात, पण ते एका वाक्यात बसतात.

मुलाखत, म्हणजे खरं काम

माझं मत विचाराल तर इयरबुकचं लिखाण सत्तर टक्के इथेच होतं, टाइप करणं ही नंतरची हमाली. चांगला मजकूर येत नसेल तर तो लिहिता येत नाही म्हणून नाही, विचारलंच नाही म्हणून.

पहिला नियम, "कसं वाटलं?" हा प्रश्न बंद. या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे: "खूप छान वाटलं." मग तुम्ही ते अवतरण चिन्हात टाकता आणि साल-बदल टेस्टमध्ये नापास होता. त्याऐवजी असे प्रश्न विचारा ज्यांना एखादी घटनाच उत्तर म्हणून सांगावी लागते. निकाल कळला तेव्हा तू नेमकी कुठे उभी होतीस? सगळ्यात आधी कोणाला सांगितलंस? काय बिनसलं? सोडून द्यावंसं कधी वाटलं? हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला? बाहेरच्या माणसाला यातलं काय कळत नाही? हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारला की समोरचा सुटतोच.

दुसरं म्हणजे गप्प बसायला शिका. उत्तर संपलं की लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका, तीन-चार सेकंद वहीकडे बघत रहा, समोरच्याला ती शांतता सहन होत नाही आणि मग तो जे बोलतो ते पहिल्या उत्तरापेक्षा भारी असतं. आणि यादीतले प्रश्न सोडून उत्तराच्या मागे जा. कोणी म्हणालं "मग तो शूजचा घोळ झाला" आणि तुम्ही विचारलंत "बरं, तुझा आवडता खेळाडू कोण?" तर तुम्ही ऐकतच नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवून उत्तरं मागवू नका, अगदीच इलाज नसेल तर गोष्ट वेगळी. लिहून आलेलं उत्तर निबंधासारखं असतं, "या स्पर्धेने मला खूप काही शिकवले". समोरासमोर बोलताना हाच मुलगा म्हणतो "अरे मी तर झोपलोच होतो, मला उठवून नेलं." रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून करा आणि तरीही वहीत लिहा, रेकॉर्डिंग दगा देतं. उठायच्या आधी दोन गोष्टी विचाराच: अजून कोणाशी बोलू, आणि नाव कसं लिहितेस. दुसरा प्रश्न मैत्रिणीलासुद्धा विचारायचा. नूतन की नुतन हे तुम्ही नाही ठरवायचं, ती ठरवणार, व्याकरण गेलं खड्ड्यात.

एका पानासाठी किती जणांशी बोलायचं? मी किमान पाच म्हणते, आणि त्यातले दोघं तरी असे ज्यांचं नाव यादीत कुठेच नाही. कॅप्टन, हेडगर्ल, बक्षीसवाले हे सगळ्यांनाच सुचतात. स्कोअर लिहिणारा, पाणी देणारी, राखीव खेळाडू यांना कोणी विचारत नाही.

आता लिहा

पेपरातली बातमी उलट्या पिरॅमिडसारखी असते, महत्त्वाचं सगळं वर आणि खाली खाली कमी महत्त्वाचं, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं आणि घाईतल्या वाचकाने दोन ओळी वाचल्या तरी काम भागतं. इयरबुकला हा साचा बसत नाही, निकाल सगळ्यांना माहीत असतो. इथे एखाद्या क्षणापासून सुरू करा. हे मी रचलेलं, रिले शर्यतीचं उदाहरण आहे:

"बॅटन खाली पडली आणि मैदान एकदम गप्प झालं. चौघींनी तीन आठवडे रोज सकाळी पळायची नाही, फक्त बॅटन हातात द्यायची प्रॅक्टिस केली होती."

आता वाचक पुढे जाणार कारण त्याला कळायचंय की मग काय झालं. आणि बघा, यात उत्साह, जिद्द, चुरशीची असला एकही शब्द नाही, तरी सगळं आलं.

त्यानंतरचा साचा सोपा आहे: एक कोट (म्हणजे अवतरण चिन्हात त्या माणसाचेच शब्द), मग माहितीचा छोटा परिच्छेद, मग दुसरा कोट, मग माहिती, असं विणत जायचं. माहितीचा परिच्छेद पुढच्या कोटसाठी जागा करून देतो पण तेच बोलत नाही. म्हणजे "ती घाबरली होती" असं लिहून खाली "मी खूप घाबरले होते" असा कोट टाकायचा नाही, एकच गोष्ट दोनदा झाली. "याबाबत विचारले असता ती म्हणाली" हेही काढून टाका, विचारलं असणारच ना, त्याशिवाय कशाला बोलेल.

कोटमध्ये काय ठेवायचं? भावना, मत, आणि त्या माणसाची बोलायची ढब. नुसती माहिती कोटमध्ये नको. "आमच्या टीममध्ये १४ जण होते" हे तुम्ही तुमच्या शब्दात सांगा. "ती बॅटन पडली तेव्हा मला आधी हसूच आलं" हे फक्त तीच सांगू शकते. कोट तंतोतंत ठेवायचा. मधले "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" गाळले तर चालतं, अर्थ हलता कामा नये, आणि फारच दुरुस्त करावा लागत असेल तर अवतरण चिन्हं काढा नि आपल्या शब्दात लिहा. मनाने कोट बनवणं तर चालणारच नाही, "तो असंच म्हणाला असता" हे म्हणजे खोटं.

आणि क्रियापद एकच, म्हणाली. उद्गारली, प्रतिपादन केले, विशद केले, मनोगत व्यक्त केले, ही सगळी भाषणाच्या अहवालातली मंडळी आहेत, त्यांना तिथेच राहू द्या. "म्हणाली" दहा वेळा आलं तरी वाचकाला टोचत नाही, "उद्गारली" एकदाच टोचतं.

लेखात "आम्ही", "आपली शाळा" येऊ देऊ नका. रिपोर्टर बाहेर उभा असतो. तुमचं मत पण नको, "अप्रतिम नृत्य" लिहिलंत तर ते तुम्हाला अप्रतिम वाटलं एवढंच कळलं, त्याऐवजी प्रेक्षकांनी काय केलं ते लिहा. घडून गेलेल्या गोष्टी भूतकाळात. वाक्यं लहान-मोठी मिसळा. मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे तोडा. (हा लेख त्या बाबतीत वाईट नमुना आहे, मला माहितीये.)

शीर्षक सगळ्यात शेवटी. आधी शीर्षक सुचलं तर पूर्ण लेख त्याच्या मागे ओढला जातो. मोठ्या अक्षरात दोन-चार शब्दांची ओळ आणि खाली एक पूर्ण वाक्य जे सांगतं की हे पान कशाबद्दल आहे. "क्रीडा" किंवा "स्नेहसंमेलन" हे शीर्षक नाही, ती कपाटावर लावायची चिठ्ठी आहे.

कॅप्शन, जे सगळे वाचतात

कडू आहे पण खरं आहे, तुमचा मुख्य लेख सगळेच वाचतील असं नाही, कॅप्शन मात्र जवळजवळ प्रत्येकजण वाचतो, कारण आधी फोटो बघतात आणि मग खाली नजर जाते. आणि टीम कॅप्शन लिहिते शेवटच्या रात्री. हे बदला.

मराठी वर्तमानपत्राची सवय आपल्याला लागलीये: "पारितोषिक स्वीकारताना अमुक, शेजारी तमुक." ते "ताना" काढा. वाक्य पूर्ण करा. साधा क्रम असा: पहिल्या वाक्यात फोटोत काय चाललंय ते वर्तमानकाळात, पण दिसतंय तेच परत नको. मुलगी उडी मारतेय हे डोळ्यांना दिसतंय, ती कितवी उडी आहे ते सांगा. दुसरं वाक्य भूतकाळात, फोटोत न दिसणारं, म्हणजे आधी काय झालं होतं किंवा नंतर काय झालं. तिसरं, जागा असेल तर त्या व्यक्तीचा कोट.

उदाहरणार्थ: "तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नात दहावीतली (पूर्ण नाव) लांब उडीच्या फळीवरून निघते. आधीच्या दोन्ही उड्या फाउल झाल्या होत्या. 'तिसऱ्या वेळी मी फळीकडे बघितलंच नाही,' ती म्हणाली."

ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि इयत्ता, डावीकडून क्रमाने. "मित्रमैत्रिणींसह" असं लिहून लोकांना अनाथ करू नका. पानावरच्या सगळ्या कॅप्शन नावाने सुरू होत असतील तर दोन-तीन फिरवा. आणि जोक नको. ग्रुपमधला जोक ग्रुपलाच कळतो, आणि पाच वर्षांनी ग्रुपलाही कळत नाही. कोणाच्या दिसण्यावर, झोपण्यावर, खाण्यावर तर अजिबात नको, पुस्तक त्या मुलाच्या घरी कायम राहणार आहे.

फोटोचं एवढंच: ओरिजिनल फाइल मागा. छपाईला साधारण इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १० इंच रुंद फोटो हवा तर ३००० पिक्सेल रुंदी पाहिजे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली इमेज दाबून लहान होऊन येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. स्प्रेडच्या मधल्या घडीत कोणाचा चेहरा जात नाही ना तेही बघा. मागे कोणी बोटांनी काही इशारे करतंय का, टी-शर्टवर काय लिहिलंय, हे झूम करून बघायची जबाबदारी कॅप्शन लिहिणाऱ्याची, कारण फोटोकडे सगळ्यात जास्त वेळ तोच बघतो.

कोण राहिलं?

एक शीट बनवा, शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव एका रांगेत, आणि प्रत्येक पान पूर्ण झालं की ज्यांची नावं आली त्यांच्यापुढे पान नंबर टाका. बऱ्याच टीम प्रत्येकजण वर्गाच्या फोटोशिवाय तीनदा तरी यावा असं टार्गेट ठेवतात. पहिल्यांदा शीट भरली की धक्का बसतो, त्याच पंधरा जणांचे आठ-आठ फोटो, आणि ते पंधरा जण बहुतेक टीमचेच मित्र. शीट भरत गेलात तर पुस्तकाच्या मागची सूचीही आपोआप तयार होते.

ज्यावरून भांडणं होतात

अमेरिकेत, जिथे हायस्कूल इयरबुकची परंपरा फार जुनी आहे, शाळेच्या प्रकाशनांवरची एक केस या बाबतीत नेहमी सांगतात. १९८३ मध्ये मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या 'स्पेक्ट्रम' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातून मुख्याध्यापकांनी दोन पानं काढून टाकली. त्यात एक लेख शाळेतल्या मुलींच्या गरोदरपणाबद्दल होता आणि एक आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जानेवारी १९८८ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. निकाल योग्य की अयोग्य यावर आजही लोक हिरिरीने भांडतात आणि मला स्वतःला तो आवडत नाही, पण मुख्याध्यापकांच्या दोन हरकती रिपोर्टर म्हणून ऐकण्यासारख्या आहेत. एक, मुलींची नावं बदलली होती तरी बाकी तपशिलावरून त्या ओळखू आल्या असत्या. दोन, त्यांनी पाहिलेल्या प्रूफमध्ये (म्हणजे छापायच्या आधी तपासायला येणाऱ्या पानांमध्ये) एका मुलीने नावानिशी वडिलांबद्दल तक्रार केली होती आणि पालकांना त्यावर बोलायची संधी दिली नव्हती.

म्हणजे नाव बदललं की झालं असं नाही, एवढ्याशा शाळेत "नववीतला, नुकताच आलेला, डावखुरा" म्हटलं की सगळ्यांना कळतं. आणि कोणावर आरोप येत असेल तर त्याला फोन करा, छापायच्या आधी. आजारपण, घरची भांडणं, नापास होणं, असलं काही लिहायचं तर त्या व्यक्तीची आणि घरच्यांची परवानगी, आणि पुस्तक वाटल्यावर काय होऊ शकतं हे तिला नीट समजावून, मग. अवघड विषय टाळा असं मी म्हणत नाही, नीट केले तर त्याच पानांमुळे पुस्तक जिवंत होतं. गाण्याच्या ओळी, नेटवरची कविता, दुसऱ्याने काढलेला फोटो, हे विचारल्याशिवाय उचलू नका, त्यांचे मालक असतात.

प्रूफ

तुमचा मजकूर तुम्ही स्वतः तपासू नका, डोळे जे लिहायचं होतं तेच वाचतात. दुसऱ्याला द्या आणि त्याला तीन फेऱ्या करायला सांगा, एकदा फक्त नावं शाळेच्या अधिकृत यादीशी जुळवून, एकदा फक्त आकडे आणि तारखा, एकदा भाषा. तिन्ही एकदम केलं की काहीच नीट होत नाही. सुरुवातीलाच एक पानी नियमावली करून ठेवा, इयत्ता "१०वी" की "दहावी", सरांचं नाव कसं, आकडे अंकात की अक्षरात, म्हणजे चार जणांनी चार तऱ्हा केल्या असं होणार नाही.

मराठी मजकूर असेल तर एक जास्तीची फेरी. प्रेसमध्ये युनिकोडवरून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, "ऱ्या" चं काहीही होतं. तुमच्या फाइलमध्ये बरोबर होतं याला अर्थ नाही, प्रेसकडून आलेल्या प्रूफवर वाचा, आणि कागदावर प्रिंट काढून.

आमच्या एका पुस्तकात दोन मुलींच्या फोटोखाली नावांची अदलाबदल झाली होती. दोघींची नावं अचूक, शुद्धलेखन अचूक, फक्त जागा चुकली, आणि तिघांनी तपासूनही ते सुटलं कारण तिघांनीही नावं यादीशी जुळवली, फोटोशी कोणीच जुळवली नाहीत. तेव्हापासून शेवटची फेरी अशी करतो: एकजण फोटोवर बोट ठेवतो, दुसरा मोठ्याने नाव वाचतो, आणि त्या वर्गातलं कोणीतरी शेजारी बसून हो म्हणतं. कंटाळवाणं आहे, पूर्ण दुपार जाते, पण प्रूफवर सही केल्यावर सापडलेली चूक आपल्याच खर्चाने दुरुस्त होते किंवा होतच नाही. वह्या आणि रेकॉर्डिंग पुस्तक वाटून झाल्यावरही काही महिने ठेवा, "मी असं बोललेच नव्हते" म्हणणारी एक तरी येते.